एफ वन दाबा, काकी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा अर्धा गाळा आहे. उरलेल्या अर्ध्यात एक जण बाटल्यांची बुचं बनवतो. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे निदान पाटीवर तसं लिहिलंय. इतक्या वर्षांत मला मशीन दुरुस्त करण्यापेक्षा गिऱ्हाइकाला फोनवर गप्प करणं जास्त चांगलं जमायला लागलं. समोरचा माणूस घाबरलेला असतो, त्याला दुरुस्ती नंतर हवी असते, आधी "काही होत नाही हो" असं कोणीतरी म्हणायला हवं असतं. ते मी म्हणतो. आवाजात जरा कंटाळा ठेवला की माणसाचा लगेच विश्वास बसतो.

आमच्या तालुक्याच्या ग्रामस्थ मंडळाचं ऑफिस बोरीवली पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. गिरण्या बंद पडल्यावर आमच्या वडिलांची पिढी लालबाग-परळची खोली सोडून इकडे उपनगरात पांगली, आणि पांगली म्हणूनच मंडळ टिकलं. मंडळाचं खरं चालणारं खातं एकच, वधू-वर सूचक. बाकी मग हळदीकुंकू, वह्यावाटप, गुणवंतांचा सत्कार, जे सगळीकडे असतं ते.

त्या वधू-वर खात्याच्या टेबलावर काकी बसायच्या. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, त्यांचं गाव आमच्या गावाच्या पलीकडच्या अंगाला. पण मंडळात सगळेच त्यांना काकी म्हणायचे, त्यांच्याहून मोठे होते तेही. नवरा वारल्यावर त्या इथे यायला लागल्या, सोमवार सोडून रोज सकाळी दहा ते एक, बिनपगारी. एका बोटाने टाइप करायच्या, पण चुकायच्या नाहीत. कोणाचं कुठे बोलणं चाललंय, कोणी कोणाला का नाकारलं, कोणाला पत्रिका बघायची नाही, कोणाला बघायचीय पण तसं म्हणायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आणि जे डोक्यात ते टेबल सोडायच्या आत कॉम्प्युटरवर, असा त्यांचा शिरस्ता होता.

एकदा त्या कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि बरंच काही पुन्हा टाइप करावं लागलं. तेव्हा मीच मंडळाला सांगितलं की एकाऐवजी दोन डिस्क बसवू. जे एकीवर लिहिलं जाईल तेच, त्याच क्षणाला, दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी उभी. कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर चालू मशीनमधल्या एका डिस्कची वायर उपटली आणि काकींना म्हटलं, बघा, काही फरक पडला? पडला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या फार आवडल्या, हेही सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच आहे.

काकी तोवर दर शनिवारी एका पेन ड्राइव्हवर सगळ्याची नक्कल काढून घरी न्यायच्या. ओच्यात बांधल्यासारखी जपून. मी हसलो. म्हटलं, "काकी, आता दोन डिस्क आहेत, ते पेन ड्राइव्हचं सोवळं कशाला?" त्यांनी विचारलं, "नको ना नक्की?" मी म्हटलं, "नको." त्या आज्ञाधारक. दुसऱ्या शनिवारपासून बंद. दोन डिस्क असल्या की डिस्क मरण्यापासून बचाव होतो, मूर्खापासून होत नाही, हे मला त्या धंद्यातला माणूस म्हणून माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण टाळ्या ताज्या होत्या.

वैशाखात एका सकाळी त्यांचा फोन आला. मशीन लावल्यावर काळ्या पडद्यावर एक पिवळी ओळ येते आणि सगळं तिथेच थांबतं. मी तेव्हा मुलुंडला एका दवाखान्यात टेबलाखाली आडवा होतो. म्हटलं, ओळ वाचा. त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. मला कळलं, दोनातली एक डिस्क जोडीतून बाहेर पडलीय, आणि मशीन म्हणतंय की एकीवर चालवायचं असेल तर एफ वन दाबा.

"एफ वन दाबा, काकी."

"दाबलं तर काही होणार नाही ना?"

"काही होत नाही. दुसरी डिस्क आहे ना. मी येतो या आठवड्यात."

त्यांनी दाबलं. मशीन सुरू झालं. मी त्या आठवड्यात गेलो नाही, आणि पुढच्याही नाही. मंडळाचं काम मानाचं, आणि मानाच्या कामाला मुहूर्त सापडत नाही, ते मागे मागे सरकतं. त्यांचा फोन ज्येष्ठात आला, आषाढात आला. गणपतीच्या आधी आला तेव्हा मी थोडा वैतागलोही. "काकी, रोज रोज काय तेच. एफ वन दाबायचं आणि पुढे जायचं. मी सांगतोय ना." त्या म्हणाल्या, "बरं रे, दाबते." त्यानंतर फोन आला नाही. पाच महिने ती बाई रोज सकाळी देवाला उदबत्ती दाखवल्यासारखी एफ वन दाबत होती, आणि पाच महिन्यांचं सगळं काम एकाच डिस्कवर लिहिलं जात होतं. दुसरी डिस्क वैशाखातच थांबलेली. ती मेली नव्हती, नुसती वायर सैल झालेली. त्या दिवसापर्यंतचं सगळं पोटात घेऊन ती गप्प बसली होती.

खंडेनवमीला आमच्या इस्टेटमध्ये सगळी मशीनं धुऊनपुसून त्यांना झेंडूची माळ घालतात. माझ्या गिऱ्हाइकांचीही तीच रीत. पूजेच्या आधी मी जायचं, कॉम्प्युटर उघडायचा, ब्लोअरने धूळ उडवायची, वायरी घट्ट करायच्या, आतल्या भागांनाही हळदकुंकवाचं बोट लावायचं आणि बंद करून द्यायचा. मग नारळ, पेढे, चहा. त्या दिवशी माझी सहा ठिकाणं होती आणि मंडळ चौथं.

काकींनी आधीच सांगितलं, "ती पिवळी ओळ बघ हो पहिली."

मी उघडलं, धूळ उडवली, एका डिस्कची वायर हाताला सैल लागली. दाबून बसवली. दोन्ही डिस्कना कुंकू लावलं. "हे काय, वायर सैल होती. आता येणारच नाही तुमची ओळ." काकींचा चेहरा असा उजळला की मला आजही तो आठवायला नको वाटतो.

मशीन लावलं. पडद्यावर प्रश्न आला. मशीनला आता दोन्ही डिस्क दिसत होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. दोघींची नावं एकाखाली एक, आणि त्याखाली विचारलेलं, यातली खरी कुठली मानू, कुठलीवरून कुठलीवर उतरवू. या प्रश्नाला पाच मिनिटं द्यायची असतात. कुठलीवर शेवटचं कधी लिहिलं गेलं ते बघायचं, तारीख वहीत टिपायची, शक्यतो आधी नक्कल काढायची, मगच उत्तर द्यायचं. शिकाऊ माणसाला मी हेच शिकवलं असतं. माझ्या डाव्या हातात झेंडूची माळ होती. वरचं नाव आधीच निवडलेलं होतं. मी उजव्या हाताने एंटर दाबलं.

वरची डिस्क म्हणजे वैशाखात थांबलेली. तिच्यावरचं सगळं चांगल्या डिस्कवर उतरायला लागलं. पडद्यावर टक्के चढत होते आणि मी माळ घालत होतो. "चालू राहू दे, तासा-दोन तासांनी आपोआप संपेल," असं सांगून पेढा तोंडात टाकला, नारळ पिशवीत टाकला आणि पाचव्या ठिकाणी निघालो. जाताना काकी म्हणाल्या, "झकास काम केलंस."

दसऱ्यानंतर मंडळ उघडलं त्या दिवशी त्यांचा फोन आला. ओळ आली नाही म्हणून आधी आनंद, आणि मग, "पण अरे, गणपतीत घातलेले फॉर्म दिसत नाहीत."

मी लगेच गेलो. या वेळी लगेच. मशीनसमोर बसलो, शेवटची नोंद बघितली. वैशाखातली तारीख. एका मिनिटात मला सगळं समजलं, कुठली डिस्क कुठलीवर उतरली, कोणी उतरवली आणि का. आता काही परत येणार नाही हेही समजलं. काकी बाजूला खुर्चीत, हातात चष्मा.

मी म्हटलं, "डिस्क खराब होती. नवीन घातलेलं थोडं उडालं. फॉर्म कागदावर आहेत ना तुमच्याकडे? पुन्हा घाला."

"आहेत. फाइलला लावलेत." मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. माझ्या धंद्यातल्या माणसालाही इतका नेमका सुचला नसता. "फक्त नवीनच गेलं ना? जुन्यात काही इकडचं तिकडे नाही ना झालं?"

मी म्हटलं, "नाही. जुनं सगळं जसंच्या तसं आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. जुनं सगळं जसंच्या तसं होतं, तीच तर बोंब होती. पाच महिन्यांत ज्यांची लग्नं ठरली, ज्यांनी नाव काढून घेतलं, त्यांच्या नोंदी काकींनी फोन आला तशा तिथल्या तिथे बंद केल्या होत्या. त्याला कागद नव्हता. त्या सगळ्या नोंदी पुन्हा उघड्या झाल्या होत्या. मी तेवढं एक वाक्य बोललो असतो, "काकी, वैशाखानंतर बंद केलेली नावं पुन्हा बघा," तर त्यांनी दोन दिवसांत आठवून आठवून सगळी बंद केली असती. ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, वैशाखापासून का रे? आणि मग एफ वन आलं असतं. म्हणून बोललो नाही. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

काकींनी पंधरवड्यात सगळे फॉर्म एका बोटाने पुन्हा टाइप केले. मला फोन करून सांगितलंही, "झालं हो सगळं." मी म्हटलं, "वा."

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे स्थळं बघायला जोर येतो. मंडळाची रीत अशी की त्या आठवड्यात सगळ्या उघड्या नावांना, त्यांना जुळतील अशी दोन-तीन स्थळं मोबाइलवर एकदम पाठवायची. हे मशीन आपोआप करायचं. ते मीच बसवून दिलं होतं. निरोपाच्या शेवटी काकींचं नाव आणि "आपल्या घरी लवकरच मंगलकार्य घडो" हे वाक्य. ते वाक्य काकींनीच रचलेलं, त्यांना त्याचा अभिमान होता.

तो निरोप गेला. ज्येष्ठात लग्न होऊन सासरी गेलेल्या एका मुलीच्या बापाला गेला, त्याने हसण्यावारी नेलं. साखरपुडा झालेल्या एका मुलाला गेला, तिथे सासुरवाडीकडून थोडी तणतण झाली. आणि गोराई रोडला राहणाऱ्या एका आईला गेला, तुमच्या चिरंजीवांसाठी तीन स्थळं आहेत म्हणून. तिचा मुलगा श्रावणात डेंग्यूने गेला होता. एकोणतीस वर्षांचा.

ती आई आणि काकी एकाच वाडीतल्या, माहेरच्या. लहानपणी एका पाणंदीतून शाळेत गेलेल्या. मुलगा गेला तेव्हा काकी बारा दिवस तिच्याकडे होत्या. दुपारी मंडळ बंद करून रोज जायच्या, तिला जेवायला घालून रात्री परत यायच्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की चिटणिसांनी तातडीने बोलावलंय.

चिटणीस सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. आवाज चढवायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. मीटिंगला सात-आठ माणसं. काकी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, मागे लोखंडी कपाट.

"नोंद बंद केली नव्हती का तुम्ही?" चिटणिसांनी विचारलं.

"केली होती."

"मग उघडी कशी?"

"माहीत नाही. मी माझ्या हाताने बंद केली होती."

"काकी, रागावू नका. वय झालं की होतं. पण ती बाई फोनवर रडत होती. म्हणाली, माझ्या घरी बारा दिवस बसलेली बाई, तिला माझा मुलगा तीन महिन्यांत आठवेनासा झाला." मग ते माझ्याकडे वळले. "काय हो, बंद केलेली नोंद मशीन आपोआप उघडतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकींनीही. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, उलट आता हा सांगेल अशी आशा होती. मी म्हटलं, "मशीन स्वतःहून काही बदलत नाही."

पुन्हा एक शब्द खोटा नाही. मला या विद्येबद्दल एखादी शाल मिळायला हरकत नव्हती.

काकींनी चष्मा काढून टेबलावरच्या काचेवर ठेवला. मग म्हणाल्या, "विसरले असेन."

पौषात त्यांनी टेबल सोडलं. गुडघे दुखतात असं कारण दिलं. निरोपाचा कार्यक्रम करू म्हणून चिटणीस म्हणाले, त्या नको म्हणाल्या. त्यांच्या जागी मंडळातल्याच एका घरची सून आली, पटपट दहा बोटांनी टाइप करणारी. मी नव्या डिस्क घातल्या, रोजची नक्कल बाहेर जाईल अशी सोय केली, सगळं आता जसं असायला हवं तसं केलं. दर खंडेनवमीला नारळ घेत राहिलो. मंडळाचं काम करतो म्हणून आमच्या लोकांमध्ये माझी ओळख होती, त्या ओळखीवर आणखी चार ठिकाणची कामं मिळाली होती, ती चालू राहिली. काकींचं घर माझ्या गाळ्यापासून तीन गल्ल्यांवर, चारकोपच्याच सेक्टरमध्ये. त्या रस्त्याने जाणं मी बंद केलं. भाजी आणायला लांबून जायचो. बायकोने एकदा विचारलं, हा कुठला नवीन रस्ता काढलाय, तर म्हटलं, तिकडे खोदकाम चालू आहे. मुंबईत हे कारण कधीच खोटं ठरत नाही.

दोन वर्षं गेली. मंडळाचं ऑफिस रंगवायला काढलं तेव्हा नव्या सुनेने कपाट रिकामं केलं आणि एक गठ्ठा माझ्या हातात दिला. "हे कॉम्प्युटरचं दिसतंय, तुम्हीच ठेवा." वायरी, जुन्या सीड्या आणि एक शंभर पानी वही. मंडळाच्या वह्यावाटपातली, मागे पाढे छापलेली.

काकींचं अक्षर मी ओळखलं. वैशाखापासून सुरू. तारीख, आणि पुढे एक ओळ. "मशीन लावली. पिवळी ओळ आली. फोन केला. एफ वन दाबा म्हणाला. दाबलं." दुसऱ्या दिवशी, "ओळ आली. एफ वन." तिसऱ्या दिवशी तेच. मध्ये कुठे, "फोन केला, या आठवड्यात येतो म्हणाला." मग, "आला नाही. कामात असेल." मग, "फोन केला. रागावला. आता करणार नाही." पानंच्या पानं. मी गाळ्यात उभ्याउभ्याच वाचत होतो, बाजूला बुचांच्या मशीनची खडखड. श्रावणातलं एक पान आलं. त्यावर लिहिलं होतं, "ओळ आली. एफ वन. आमच्या वाडीतल्या झिलाचं नाव बंद केलं. आज दुसरं काम जमलं नाही. अकराला कुलूप लावलं."

झील म्हणजे आमच्याकडे मुलगा. मी स्टुलावर बसलो. ती वही त्या मीटिंगमध्ये काकींच्या पाठीमागच्या कपाटात होती. हात मागे केला असता तर लागली असती.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. त्या जमिनीवर पाय पसरून कडवे वाल सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. बस." जणू मी कालच येऊन गेलो होतो. मी वही पुढे ठेवली.

"सापडली का? मधल्या खणात होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच ठेवलेली. मला नाय माहीत?"

"मग त्या दिवशी काढली का नाहीत?"

त्यांनी वालाचं साल काढून बाजूला टाकलं. "काढली असती तर चिटणिसांनी तुला उभा केला असता सगळ्यांसमोर. आपल्या लोकांत एकदा नाव गेलं की गेलं. तुझा पोट आसा त्याच्यार. माझा काय? माका कोण उपाशी ठेवणार होता?"

त्यांनी सोललेले वाल पातेल्यात ओतले. मग म्हणाल्या, "एक मात्र मला कधी कळलं नाही. तुला तेव्हा ठाऊक होतं, की तुलाही नंतर कळलं? मी मनाशी धरून चालले की नंतर कळलं असेल. मशीनचं काय, गुंतागुंतीचं असतं. पोरगा खोटं बोलणार नाही."

मी पन्नाशीचा. त्या मला पोरगा म्हणाल्या. तिथे अजूनही एक वाट होती. "नंतर कळलं, काकी," म्हणायचं आणि चहा पिऊन उठायचं. माझी जीभ त्या वाटेवर गेलीही होती, सवयच ती.

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "दसऱ्यानंतर आलो तेव्हाच. पहिल्या मिनिटाला. मीच एंटर दाबून पुसलं होतं सगळं. जुनं सगळं जसंच्या तसं आहे, असं तुम्हाला सांगितलं तेव्हाही ठाऊक होतं."

त्यांचे हात थांबले. दोन वर्षं त्यांनी माझ्यासाठी जी एक सबब जपून ठेवली होती, ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली होती. मला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. अजिबात वाटलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघवेना इतकी लाज वाटली.

"चिटणिसांना आजच सांगतो," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगतो. मीटिंग बोलवायला लावतो."

"त्यांना सांगून काय होणार? त्यांना काय पडलंय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "टेबल गेलं त्याचं मला काही नाही. तिला वाटतं, तिचा झील मी विसरले. लग्नात, बारशात, कुठे दिसले तर ती पदर तोंडाला लावून उठून जाते. तिला जाऊन सांग. मी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, पांघरूण घालते. जा. वही घेऊन जा."

चहाचं त्यांनी विचारलं नाही. कोकणातल्या माणसाच्या घरून चहाशिवाय उठणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

मी तसाच स्कूटरवर गोराई रोडला गेलो. तिसरा मजला. बाईंनी दार उघडलं, मागे भिंतीवर मुलाचा फोटो, चंदनाचा हार. मी मंडळाचा कॉम्प्युटरवाला म्हटल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला, पण दार त्यांनी लावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सुरू केलं. दोन डिस्क असतात, एक वैशाखात थांबली होती, मग खंडेनवमीला मी जुनीवरून नवीवर...

त्यांनी मला थांबवलं. "ते मला कळत नाही. तिने माझ्या मुलाचं नाव काढलं होतं की नव्हतं?"

"काढलं होतं. मी परत घातलं. माझ्या चुकीने. आणि ते मी कोणाला सांगितलं नाही."

मी वहीतलं श्रावणातलं पान उघडून पुढे केलं. त्यांनी चष्मा शोधला नाही, वही डोळ्यांजवळ नेली. एक ओळ वाचायला लागेल त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ त्या वाचत होत्या. ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "त्या दिवशी ती माझ्याकडे दुपारी यायची ती साडेअकरालाच आली. मी विचारलं, आज लवकर गं? म्हणाली, मशीन बंद पडली."

"मला माफ करा" हे शब्द तोंडात आले आणि इतके स्वस्त वाटले की गिळले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आत जाऊन गॅस बंद केला, खुंटीवरची पिशवी घेतली, वही तिच्यात ठेवली. चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं. मी बाजूला झालो. जिन्यात म्हटलं, "चारकोपला जायचं असेल तर मी सोडतो, स्कूटर आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका."

खाली येऊन त्यांनी रिक्षा थांबवली आणि बसल्या. मी स्कूटरची चावी हातात धरून फाटकाशी उभा होतो. रिक्षा वळली. त्यांना तिथे पोचायला दहा मिनिटं लागणार होती, आणि त्या दहा मिनिटांसाठी मी दोन वर्षं लावली होती.